तीन नंबरची खुंटी

नवमीला नेवासकरांच्या घरातून सगळ्यांत आधी कात्री नाहीशी होते. नाहीशी म्हणजे ती देवघरात झेंडूच्या फुलांखाली हळदकुंकू लावून पूजेला बसलेली असते. शेजारी विळी, सुरी, अडकित्ता, काशीनाथअण्णांचा जुना पाना. खंडेनवमीला हत्यार एकदा देवापुढे ठेवलं की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, हा यज्ञेश्वरभटजींच्या काळापासूनचा नियम. बनारसमध्ये पिढ्या गेल्या, बोलण्यात निम्मी हिंदी आली, पण हा नियम काही सुटला नाही. त्यामुळे या दिवशी घरात भेंडी हातानं मोडतात आणि दुधाची पिशवी दातानं फोडतात.

"हिमानी, तुझं हत्यार?" देवघरातून गंगाआत्यांनी हाक दिली.

"लॅपटॉप नाही देणार हं, आत्याआजी! आज शाम तक मला लागणारच आहे."

"मग दुसरं काही दे. ज्यावर पोट चालतं ते आज देवापुढे आलंच पाहिजे."

हिमानीनं मोजायची लांब टेप आणून दिली. ती एकोणतीस वर्षांची, जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट. गेले आठ महिने ती नदीकाठचं जुनं बिजलीघर मोजत होती. ते बंद पडून चार तपं झाली होती आणि पाडायचंही ठरलं होतं. मग कुणाला तरी सुबुद्धी झाली आणि तिथे संग्रहालय करायचं ठरलं. उद्या दसऱ्याला ते उघडणार होतं. हे काम आपल्याला गुणांवर मिळालं असं हिमानी म्हणे. तिची आई मृणालिनी म्हणे, तुझ्या खापरपणजोबांनंतर या घरानं त्या इमारतीचा इतका धूर खाल्लाय की दुसऱ्या कुणाला काम देताना त्यांनाच लाज वाटली असती. आणि ते खरंच होतं. यज्ञेश्वरभटजींचा मुलगा बिंदुमाधव घाटावरची यजमानकी सोडून तिथे नोकरीला लागला आणि शिफ्ट इन्चार्ज झाला. पुढे त्याची दोन्ही मुलं तिथेच चिकटली. थोरला विष्णु भट्टीवर, धाकटा काशीनाथ रोजंदारीवर मशीन पुसायला.

तो धाकटा आता अठ्ठ्याहत्तरचा होता. पाट्यावर बसून तो, म्हणजे अण्णा, झेंडूच्या पाकळ्या सुट्या करत होता.

"अनिमेषभावजी किती वाजता येणार?" मृणालिनीनं विचारलं.

"अकरा वाजता. सीधे बिजलीघर."

"आणि जेवायला?"

"विचारलं मी. 'बघू' म्हणाले."

"छप्पन्न वर्षांनी त्या घरातलं कुणी या गावात पाय ठेवतंय, आणि म्हणे बघू." मृणालिनीनं पुरणाचा गोळा जरा जोरातच थापला. "पण चूक तुझी आहे. त्यांना तो मजकूर पाठवायची गरज काय होती?"

"आई, त्यांच्या वडिलांचं, विष्णुआजोबांचं, नाव आहे त्यात. न विचारता पाटी कशी लावू?"

"काय लिहिलंयस, वाच तरी एकदा नीट. आम्हाला सगळं उडत उडत कळतं."

हिमानीनं लॅपटॉप उघडला. हा मजकूर तिला मनापासून आवडत होता, आणि ते तिच्या वाचण्यात लपत नव्हतं.

"'बिल्ल्यांचा फळा. भट्टी साफ करायला जो माणूस आत शिरे, तो त्या भट्टीच्या नंबरचा पितळी बिल्ला खिशात घेऊन जाई. काम संपवून त्यानं बिल्ला खुंटीवर टांगेपर्यंत भट्टी पेटवायची नाही, हा इथला कायदा. १९६८ च्या नवमीला तीन नंबरचा बिल्ला विष्णु नेवासकर यांनी हरवला. ते नशेत असल्याची नोंद रजिस्टरात आहे. इन्चार्ज बिंदुमाधव नेवासकर यांनी स्वतःच्या मुलाचीही गय केली नाही. पूर्ण तपासणी होईपर्यंत त्यांनी भट्टी पेटवू दिली नाही. दोन दिवस अर्धं शहर अंधारात राहिलं. मात्र या शिस्तीमुळे बिजलीघराच्या पंचेचाळीस वर्षांत एकही माणूस भट्टीत दगावला नाही. तीन नंबरची खुंटी तेव्हापासून रिकामी आहे.'" तिनं मान वर केली. "पुऱ्या बिल्डिंगमधली सगळ्यांत भारी गोष्ट आहे ही."

"भारी तुझ्या पणजोबांसाठी," मृणालिनी म्हणाली. "त्या बिचाऱ्याला तर कायमचं दारुडं करून टांगलंस भिंतीवर. नाव गाळ ना."

"खाली रजिस्टर उघडं ठेवणार आहेत काचेत. नाव तिथे दिसणारच."

"काही गाळायचं नाही," अण्णा पाकळ्यांवरची नजर न काढता म्हणाले. "रजिस्टरात जे आहे ते आहे. वडिलांचं अक्षर आहे. आपण कोण बदलणारे?"

त्यांनी हे ठासून म्हटलं. मग देवघरातून आत्यांचा आवाज आला.

"दादा भांग पीत नव्हता."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. विष्णुदादाचं नाव आत्यांच्या तोंडून या घरात कुणी ऐकलं नव्हतं. हिमानीनं तर कधीच नाही.

"मी पण येते आज बिजलीघरात," आत्या म्हणाल्या. "मला रिक्षात पुढे बसव. मागे हादरे बसतात."

*

गंगाआत्यांचा वातींचा डबा या घरात दुसरं कुणी उघडत नसे. शाळेत संस्कृत शिकवून त्या निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या, आणि घरातलं एवढं एकच काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नाही. सगळ्यांना वाटे, म्हातारीची हौस आहे.

सगळी खाली उतरल्यावर त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि कापसात हात घातला. तळाशी तो होता. रुपयापेक्षा मोठा, गोल, वर भोक पाडलेला, मध्ये ३ चा आकडा ठोकलेला.

त्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. नवमीला आईनं सांगितलं, जा, दादाचं हत्यार आण पूजेला. दादा भट्टी अर्धी साफ करून दुपारी घरी जेवायला आला होता. नैवेद्याचं जेवण सोवळ्यात, म्हणून खाकी कोट खुंटीला अडकवून पानावर बसला होता. कोटाच्या खिशात पाना होता, आणि हा. पाना काळा, तेलकट. हा मात्र सोन्यासारखा. छोट्या गंगीला वाटलं, पान्यापेक्षा हाच देवापुढे शोभेल. तिनं दोन्ही ठेवले आणि वर भरपूर झेंडू घातला. दादानं हात धुऊन कोट चढवला. पाना पूजेत गेला हे त्याला कळलं, हसून दुसरा घेतला आणि निघून गेला.

संध्याकाळी वडील घरी आले ते चपला न काढता. घरभर प्रश्न. दादाच्या कोटातून कुणी काही काढलं का? आई म्हणाली, एक पाना फक्त. मग सणाची भांग घेतली असेल, असं वडिलांनी स्वतःच ठरवलं. गंगी खांबाला धरून उभी होती. पूजेतलं उचलायचं नाही, आणि वडिलांचा तो चेहरा. उद्या सकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. सकाळी तिनं फुलांखालून बिल्ला काढून परकराच्या ओच्यात टाकला आणि मग ठरवलं, दुपारी सांगू. तिसऱ्या दिवशी दादा ट्रंक घेऊन गेला. दारात वडील म्हणाले होते, "ज्याला बिल्ला सांभाळता येत नाही त्याला माणूस काय सांभाळता येणार?" तो जबलपूरला गेला हे पुढे वर्षभरानं कळलं. तो परत आला नाही. त्याच्या लग्नाला कुणी गेलं नाही, आणि त्याच्या तेराव्यालाही.

दर वर्षी नवमीला आत्यांना वाटे, आज सांगावं. आणि दर वर्षी पुरणपोळी होऊन जाई. आज मात्र तो मजकूर ऐकताना त्यांना आपली शरम वाटली ती अंगभर. खोटं नुसतं घरात होतं तोवर त्या ते कापसाखाली दाबून बसल्या. आता ते दगडी भिंतीवर लागणार होतं, लोक तिकीट काढून वाचणार होते.

त्यांनी डबा पदराखाली घेतला आणि जिना उतरल्या.

*

अनिमेष अकरा वाजायच्या आधीच पोचला होता आणि रस्त्यापलीकडे उभा राहून खिडक्या मोजत होता.

रेल्वेतल्या नोकरीत त्यानं जबलपूरच्या बाहेर बरंच काही पाहिलं होतं, पण बनारस टाळलं होतं. वडिलांनी घरातल्या माणसांबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. या इमारतीबद्दल मात्र ते तासन्‌तास बोलत. खाली चुनारच्या दगडाचं जोतं, दोन पुरुष उंच, कारण गंगा पावसाळ्यात कुठवर चढेल याचा भरवसा नाही. जोत्यात कमानी, म्हणजे पूर आला तर पाणी भिंतीशी भांडत न बसता आरपार जाईल. वर लाल विटा. त्यावर लोखंडी कैच्यांचं, म्हणजे तिरप्या सांगाड्यांचं छप्पर, रिव्हेट मारून जोडलेलं. रस्त्याच्या बाजूला कमानीच्या अकरा उंच खिडक्या. लहानपणी झोपताना त्यानं राजाच्या महालाऐवजी हेच ऐकलं होतं.

"अनिमेषकाका?" हिमानी रस्ता ओलांडून आली आणि वाकून नमस्कार केला. "मी हिमानी. या ना, आत या."

"सातवी कुठली?" त्यानं विचारलं.

"सातवी काय?"

"खिडकी. अकरातली सातवी खोटी आहे म्हणायचे बाबा. काच आहे, चौकट आहे, मागे मात्र भिंत."

हिमानीनं लगेच त्या खिडकीकडे बोट केलं. "मागून धुराचं भुयार जातं चिमणीकडे. पण बाहेरून ओळ बिघडू नये म्हणून खोटी खिडकी बसवली. काका, ये मुझे तीन महीने बाद मिला! नकाशातसुद्धा नाहीये."

"बाबांनी आतून पाहिलं होतं. भुयारात शिरून काजळी काढायचे ना."

तो आला होता तो भांडायला. खिशात वकिलाला दाखवलेलं पत्र होतं. पण ही मुलगी पुढे चालत दाखवत होती आणि त्याला सगळं आधीच ठाऊक होतं, साखळीनं ओझं उचलायची यारी कुठे आहे, संगमरवराच्या फळ्यावरचे वीज चालू-बंद करायचे पितळी दांडे कुठे आहेत, पुराच्या वर्षांच्या रेघा कुठल्या खांबावर कोरल्यात. दोघं एकमेकांची वाक्यं पुरी करू लागले. आपण खूष होतोय हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःचाच राग आला.

मोठ्या दालनात जुन्या कामगारांच्या घरची माणसं जमली होती. पाने, हातोडे, एकाची शिलाई मशीन, एकाच्या नातवाचा ड्रोन, सगळ्यांवर झेंडू पडला. पूजा झाली, आणि प्रसादाचे द्रोण घेऊन लोक बाहेर घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. भट्टीच्या दालनात नेवासकर तेवढे उरले. भिंतीवर सागवानी फळा होता. नऊ खुंट्या, आठ बिल्ले.

"नऊ का?" अनिमेषनं विचारलं. "बाबांच्या वेळी आठ होत्या."

"तीन नंबरच्या भट्टीला नंतर नऊ नंबर दिला," उत्तर अण्णांनी दिलं. चुलते-पुतण्यांचं हे पहिलंच बोलणं. "हरवलेल्या बिल्ल्याची जोडी करायची नाही. जुना कधी सापडला तर एका भट्टीचे दोन बिल्ले होतात, आणि मग माणूस जळतो. वडिलांनीच ठरवलं."

"सगळं ठरवता आलं त्यांना," अनिमेष म्हणाला. "काका, मी सरळच बोलतो. रजिस्टर ठेवा, बिल्ला हरवला तेही लिहा. पण बाबा नशेत होते हे लिहायचं नाही. ते बनारसचे असून भांगेला शिवले नाहीत, आम्ही होळीलासुद्धा घरात आणली नाही. हे लावणार असाल तर उद्या मी सगळ्यांसमोर उभा राहून हे झूठ आहे म्हणून सांगीन."

"भावजी, मी पण तेच म्हणते आहे सकाळपासून," मृणालिनी म्हणाली, आणि सासऱ्यांच्या बाजूला उभी होती ती दोन पावलं अनिमेषकडे सरकली.

"रजिस्टरात आहे ते..." अण्णांनी सुरुवात केली.

"अण्णा, थांब," गंगाआत्या म्हणाल्या.

रजिस्टराच्या काचेच्या पेटीवर त्यांनी वातींचा डबा ठेवला. झाकण काढलं, कापूस बाजूला केला. मग बिल्ला हातात न धरता, जणू तो अजून तापलेला असावा तसा, दोन बोटांनी उचलून अनिमेषसमोर ठेवला.

"दादानं हरवला नाही. मी घेतला."

*

आत्या बोलत होत्या तेव्हा अण्णा भट्टीच्या भिंतीला टेकून उभे होते. आत्यांनी काही लपवलं नाही. कोट, पाना, झेंडू, खांब, ओचा. छप्पन्न वर्षं मनात घोळलेलं बोलताना शब्द शोधावे लागत नाहीत.

अनिमेषनं बिल्ला उचलून उलटासुलटा पाहिला.

"तुम्ही किती वर्षांच्या होता तेव्हा?"

"अकरा."

"आणि नंतर? वीसच्या झालात, चाळीसच्या झालात, तेव्हा?"

"तेव्हा तोंड नव्हतं," आत्या म्हणाल्या.

"बाबा रोज घरी आले की दारातच उभे राहायचे," अनिमेष म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "खिसे उलटे करायचे. रुमाल, किल्ली, चष्म्याची डबी, सगळं आईसमोर टेबलावर मांडायचे, आणि मगच आत यायचे. आई हसायची. मी पण हसायचो. मला वाटायचं, आदत आहे. शेवटी इस्पितळात होते, त्या कपड्यांना खिसाच नव्हता. तरी दोन्ही हात अंगावरून फिरवत राहायचे, काहीतरी शोधत." त्यानं बिल्ला मुठीत घेतला. "माझ्या बाबांनाच शेवटपर्यंत खात्री नव्हती की तो त्यांनी हरवला नाही."

आत्या रडू लागल्या. हिमानीनं त्यांना खांद्याशी धरलं. मृणालिनीच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ती पुढे होऊन म्हणाली, "भावजी, आत्या लहान होत्या हो. पोर होती ती. घाबरली. यात दोष तरी कुणाला देणार आता?"

आणि अण्णांना दिसलं की एवढ्यावर हे मिटतंय. अनिमेषचा चेहरा सैल होत होता. अकरा वर्षांच्या मुलीवर कुणी किती रागावणार? पाटी बदलेल, सगळे घरी जातील, पुरणपोळी खातील. कुणी त्यांना काही विचारणार नव्हतं. गप्प राहणं त्यांना आयुष्यात फार सोपं गेलं होतं. आजही तितकंच सोपं होतं.

"मृणाल, थांब," ते म्हणाले. "दोष द्यायला माणूस आहे. मला माहीत होतं."

आत्यांनी मान वर केली.

"दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजेला मी देवघरात गेलो. फुलं बाजूला केली होती. पान्याच्या शेजारी पाटावर कुंकू सांडलेलं होतं आणि त्यात गोल कोरी जागा होती. एवढी." त्यांनी बोटांनी दाखवली. "वर भोकाच्या जागी कुंकवाचा ठिपका. तीन वर्षं रोज तो फळा पुसत होतो मी. मला विचारायची गरजच नव्हती."

"तू पाहिलं होतंस?" आत्या म्हणाल्या. "आणि मला बोलला नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहिली. तू सांगितलंस तर ती पोराची चूक. मी सांगितलं तर ती चुगली. वडील तुला मारतील, म्हणून गप्प आहे, असं पहिल्या दिवशी मनाला सांगितलं. ते खोटं नव्हतं." अण्णांनी बहिणीवरची नजर काढली. "पण आठव्या दिवशी दादाची पक्की नोकरी मला मिळाली. मी बावीस वर्षांचा होतो, लग्न ठरत होतं. मग मनाला काही सांगायचंच सोडून दिलं."

बाहेर पायऱ्यांवर कुणीतरी नावाड्याला हाक मारत होतं.

"वडील गेले तेव्हा शेवटी त्यांनी दादाला हाक मारली. मी उशाशी होतो. तेव्हाही मी त्यांच्या तोंडात गंगाजल घातलं, पण हे सांगितलं नाही." ते अनिमेषकडे वळले. "रजिस्टर बदलायचं नाही म्हणालो ना मी? वडिलांचं अक्षर म्हणून नाही म्हणालो. ते अक्षर खोटं ठरलं तर खरं कोण लपवत होतं, ते लोक विचारतील, म्हणून म्हणालो. गंगी पोर होती. मी नव्हतो. तू मला माफ करू नकोस. मी मागतही नाही."

"करणारही नाही," अनिमेष म्हणाला. "आज तरी नाही."

"बरोबर आहे."

हिमानी इतका वेळ आजोबांकडे बघत होती. या माणसानं तिला बोट धरून ही इमारत दाखवली होती, या इमारतीवर तिनं आपला सगळा जीव लावला होता, आणि तिला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही आली होती, दोन्ही एकदम. तिनं लॅपटॉप उघडला. "अण्णा, पाटीवर काय लिहू?"

"सगळं लिही. कुणी घेतला, कुणी पाहिला, कुणी भोगलं. तिघांची नावं घाल."

"माझं आधी घाल," आत्या म्हणाल्या.

"सगळा गाव वाचेल," मृणालिनी पुटपुटली. आणि मग स्वतःच म्हणाली, "वाचू दे. विष्णुदादांचं तर छप्पन्न वर्षं वाचलंच."

अनिमेष बिल्ला मुठीत धरून फळ्यासमोर उभा होता. रिकाम्या खुंटीखाली लाकूड बाकीच्यापेक्षा फिकट होतं. इतर जागी बिल्ले घासून घासून काळे गोल उमटले होते.

"आज हत्यार उचलत नाहीत ना?" त्यानं विचारलं. वडिलांनी तेवढं शिकवलेलं दिसत होतं.

"हे पूजेत नाही," आत्या म्हणाल्या. "एकदा बसवलं ते पुष्कळ झालं."

"नुसता टांगायचा नसतो," अण्णा म्हणाले. "पद्धत आहे. ज्यानं नेला त्यानं टांगायचा आणि हाक द्यायची, अमुक नंबर, बाहर. मग इन्चार्जनं स्वतः भट्टीत डोकं घालून बघायचं आणि जवाब द्यायचा. जवाब येईपर्यंत माणूस आतच समजायचा."

"म्हणजे बाबा अजून आत आहेत."

"इथल्या कायद्यानं, हो."

अनिमेषनं हात उंच करून बिल्ला खुंटीवर घातला. पितळ लाकडावर आपटून दोनदा वाजलं. त्यानं हाक दिली ती वडिलांच्याच आवाजात, असं आत्यांना वाटलं. त्या दालनात आवाज घुमायची सोयच तशी होती.

"विष्णु बिंदुमाधव नेवासकर! तीन नंबर, बाहर!"

सगळे अण्णांकडे बघू लागले. इन्चार्ज म्हणण्यासारखं त्या इमारतीत आता दुसरं कुणी जिवंत नव्हतं. तीन नंबरच्या भट्टीचं दार माणूस जेमतेम शिरेल एवढं, गुडघ्याच्या उंचीवर. अण्णा एक हात जोत्यावर टेकून खाली बसले. हिमानी धरायला धावली, तर तिचा फक्त मोबाइलचा टॉर्च घेतला. आधी डोकं आत गेलं, मग खांदे. आत विटांवर जुनी राख होती, एका कोपऱ्यात पारव्याचं घरटं. वडिलांनी शिकवलं होतं तसं त्यांनी तीन जागी पाहिलं, डावीकडे, उजवीकडे, आणि मान मुरगळून वर, जिथून धूर जातो तिथे. एकदा पाहून झालं. त्यांनी पुन्हा पाहिलं.

मग लोखंडातून त्यांचा आवाज आला.

"तीन नंबर, देख लिया! आदमी बाहर है!"

उत्तर झालं, पण अण्णा बाहेर आले नाहीत. त्यांची पाठ हलत होती. मृणालिनीनं आत्यांचा हात धरला.

अनिमेष पुढे आला. भट्टीच्या दाराशी तोही गुडघ्यावर बसला. त्यानं चुलत्याच्या पाठीवर हात ठेवला.

"काका, या आता बाहेर," तो म्हणाला. "घरी पानं वाढायची आहेत ना?"